अदृश्याची मोजदाद

जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, जिला गंध नाही, जिचा आवाज नाही आणि जिचा स्पर्शही त्वचेला कळत नाही, तिच्या सान्निध्यात माणसांनी रोज कामाला जावे, संध्याकाळी सुखरूप घरी परतावे आणि वार्धक्यात नातवंडांना अंगाखांद्यावर खेळवावे, यासाठी जी व्यवस्था उभारावी लागते तिचा एक लहानसा अंश म्हणून माझी सारी नोकरी गेली. भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या मनापुढे प्रचंड भट्ट्या, गुप्त खलबते आणि जगद्विख्यात शास्त्रज्ञ उभे राहतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु माझे खाते आरोग्य-भौतिकीचे होते, म्हणजे किरणोत्सर्ग कोठे आहे, किती आहे आणि त्यातला कोणाच्या वाट्याला किती आला, हे मोजून कागदावर उतरवण्याचे. संशोधनाच्या इतिहासात या कामाला एखादी ओळ मिळाली तर पुष्कळ झाले. तरीही जे शिकलो ते या मोजदादीने शिकवले, आणि ते सांगावे असे आता वाटू लागले आहे.

मी मुखेडचा. आमच्या घराण्यात निजामी अमदानीपासून पटवारकी चालत आली होती आणि तांबड्या खारव्याच्या रुमालांत बांधलेले आजोबांचे दप्तर माझ्या लहानपणी माळवदाच्या घरातील एका कोनाड्यात असे. त्या दप्तराला हात लावण्याची आम्हां मुलांना सक्त मनाई होती. शेत कोणाचे, पीक कोणते, कबजा कोणाचा, एवढेच त्यात लिहिलेले असते हे मला पुढे कळले, आणि तेवढ्या लिखाणावर किती कुटुंबांचे सुखदुःख अवलंबून असते हे त्याहून उशिरा कळले. १९५४ चे खासरा पाहणीपत्रक आजही मराठवाड्यातील जमिनीच्या तंट्यांत कचेरीपुढे ठेवले जाते. ते लिहिणारे हात केव्हाच मातीस मिळाले, पण त्यांनी त्या दिवशी बांधावर जाऊन खरोखर पाहिले होते की घरी बसून रकाने भरले होते, याचे फळ तिसरी पिढी भोगीत असते. नोंद ही लिहिणाऱ्यापेक्षा अधिक जगते, ही गोष्ट मी भौतिकशास्त्राच्या आधी आजोबांच्या घरात शिकलो.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातले निम्मे लोक खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर जात असताना नांदेडच्या महाविद्यालयातून मी पदवी घेऊन बाहेर पडलो आणि निवड झाल्याचा कागद हाती आल्यावर मीटरगेजच्या गाडीने मनमाडपर्यंत, तेथून पुढे मोठ्या गाडीने मुंबईस गेलो. ट्रॉम्बेचा डोंगर एका बाजूस आणि खाडी दुसऱ्या बाजूस, यांच्यामध्ये ते केंद्र पसरलेले आहे. ३ जानेवारी १९५४ रोजी त्याची स्थापना झाली तेव्हा ते ट्रॉम्बेचे अणुशक्ती प्रतिष्ठान होते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां पर्वतावरील विमान-अपघातात होमी भाभा गेले आणि पुढच्या वर्षी संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेली ‘अप्सरा’ ही आशियातील आरंभीची भट्टी. पाण्याने भरलेल्या खोल हौदात तिचे इंधन टांगलेले असे आणि ती चालू असताना त्या पाण्यात जी निळी प्रभा उमटे ती मी प्रथम पाहिली तेव्हा माझ्या सोबतच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला पुष्कळ वेळ काही न बोलता तेथे उभे राहू दिले. प्रकाशाच्या पाण्यातील वेगापेक्षाही अधिक वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे ती प्रभा निर्माण होते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. किरणोत्सर्गाने स्वतःची चाहूल डोळ्यांना द्यावी असा प्रसंग आमच्या व्यवसायात त्या हौदापाशी तेवढा येतो. इतरत्र सर्व भिस्त उपकरणावर.

या व्यवसायाचे शास्त्र मोठे आहे, परंतु आचार तीन शब्दांत मावतो : वेळ, अंतर आणि आडोसा. उगमापाशी जितका थोडा वेळ थांबाल तितका डोस कमी. लहानशा उगमापासून अंतर दुप्पट केले की मारा चौपटीने उतरतो. आणि मध्ये शिसे, काँक्रीट किंवा पुरेसे खोल पाणी असले तर तो पार क्षीण होतो. हे नियम शाळकरी मुलालाही समजतील, पण कामाच्या घाईत ते पाळणे हा स्वभावाचा प्रश्न आहे, आणि तो स्वभाव मला एका फिटरने शिकवला.

एका भट्टीच्या आवारात एक झडप बदलायची होती आणि ती जिथे होती तिथे किरणोत्सर्गाची पातळी चढी होती. समजा, एखाद्या ठिकाणी ताशी २० मिलिसिव्हर्ट मारा आहे आणि एका माणसाला त्या कामापोटी १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक द्यायचा नाही असे ठरले, तर त्याच्या हाती तीन मिनिटे येतात. त्या तीन मिनिटांत शिडी चढणे, पान्हा लावणे आणि परतणे सर्व आले. त्यामुळे बाहेर, मोकळ्या जागेत तशाच झडपेची प्रतिकृती उभी करून सर्वांनी पुनःपुन्हा सराव केला, कोणता बोल्ट आधी आणि पान्हा कोणत्या हातात हेही निश्चित झाले, आणि मी घड्याळ घेऊन आडोशाला उभा राहिलो. तो फिटर वयाने माझ्या वडिलांएवढा, हाताचा कसबी, खात्यात सर्वांना वंदनीय. त्याची वेळ संपली तेव्हा शेवटचा बोल्ट अर्ध्यावर आला होता. अजून दहा-पंधरा सेकंदांत तो निघाला असता हे त्यालाही दिसत होते आणि मलाही. मी हाक दिली, आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्या पोराच्या एका शब्दावर त्या माणसाने पान्हा तसाच ठेवून पाठ फिरवली. बाहेर येऊन त्याने हातमोजे उतरवले, हात-पाय तपासणीच्या यंत्रावर उभा राहिला आणि पुढच्या माणसाला बोल्ट किती आटे बाकी आहे ते शांतपणे सांगितले. आपले कौशल्य अपुरे दिसेल याची त्याला खंत वाटली नाही, कारण हे काम एकट्याचे नसून रांगेतल्या प्रत्येकाचे आहे हे त्याने मनोमन स्वीकारले होते. शौर्याच्या कथा ऐकून वाढलेल्या मला, वेळेवर थांबणाऱ्या माणसाचे मोठेपण त्या दिवशी उमगले आणि त्यानंतर कोणालाही हाक देताना माझा आवाज कापला नाही.

प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असे. माझ्या उमेदवारीच्या काळात त्यात छायाचित्राच्या फिल्मचा तुकडा असे; किरणोत्सर्गाने ती काळवंडे आणि किती काळवंडली यावरून डोस ठरवीत. आपल्याकडची उष्ण-दमट हवा फिल्मला मानवत नसे, म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तिच्या जागी टीएलडी बिल्ला आला. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोसियमचा अल्पांश मिसळून केलेल्या तीन चकत्या त्यात असतात : एक धातूच्या पडद्यामागे, एक प्लॅस्टिकच्या आणि एक उघडी, त्यामुळे आलेला किरण कोणत्या जातीचा होता याचाही तर्क करता येतो. चकती तापवली की तिच्यात साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि तो प्रकाश यंत्र मोजते. पूर्वी कामगारासाठी वर्षाची मर्यादा ५० मिलिसिव्हर्ट होती. १९९० नंतर ती पाच वर्षांच्या सरासरीने २० आणि कोणत्याही एका वर्षी अधिकात अधिक ३० अशी उतरली. नोकरी सुटली तरी त्या माणसाच्या नावावरचा हिशेब फाडून टाकला जात नाही. कोणी कोठेही बदलून गेला तरी त्याचा डोस त्याच्या मागोमाग जातो. आजोबांच्या रुमालांची आठवण मला या दप्तरखान्यात वारंवार येई.

या बिल्ल्यांनी मला माणसांच्या मनाचेही दर्शन घडवले. पोलादी नळ्यांच्या सांध्यांची इरिडियम-१९२ च्या साह्याने छायाचित्रे घेणाऱ्या बाहेरच्या एका कारखान्यात, ज्याचे नाव आणि गाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, आम्ही पाहणीला गेलो होतो. तेथील कामाच्या वहीत छायाचित्रांची संख्या भरपूर, पण कामगारांच्या बिल्ल्यांवरचा आकडा कपाटात ठेवलेल्या तुलनेच्या बिल्ल्याएवढाच. इतके काम झाले आणि कोणाच्या अंगाला किरणाचा लेशही लागला नाही, हे मानवेना. चौकशीअंती एका तरुणाने मोकळेपणाने सांगितले की बिल्ले टेबलाच्या खणात राहतात, कारण आकडा वाढला तर त्या कामावरून दूर करतील आणि त्याबरोबर मिळणारा भत्ता जाईल ही भीती सर्वांना आहे. मला त्याच्यावर रागावता आले नाही. घरी पैसे धाडणाऱ्या माणसाची ती भीती खरी होती. परंतु खणातल्या बिल्ल्याने त्याचे रक्षण कसे करावे? त्या संध्याकाळी आम्ही नियम वाचून न दाखवता त्यांच्याबरोबर बसलो, उगमापासून एक पाऊल मागे सरकल्याने मीटरचा काटा किती उतरतो हे त्यांच्याच हाताने पाहू दिले आणि भत्त्याविषयी त्यांच्या मालकाशी वेगळे बोललो. आकडा हा शिक्षेचे साधन आहे अशी समजूत एकदा रुजली की खरा आकडा पुन्हा कधीच मिळत नाही, हे मी तेथे पाहिले आणि पुढे ज्या ज्या ठिकाणी माझा अधिकार चालला तेथे अधिक डोस आलेल्या माणसाला आरोपीप्रमाणे उभे करू दिले नाही.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची भट्टी फुटली आणि पुढचे कित्येक महिने ओळखीच्या प्रत्येक घरातून मला एकच प्रश्न येऊ लागला : अमक्या जिन्नसात किरणोत्सर्ग आहे की नाही? युरोपातून येणाऱ्या दूध-लोण्याची तपासणी होऊ लागली, आणि आयर्लंडहून आलेल्या लोण्याचा वाद तर मुंबईच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रश्न विचारणारे भयभीत होते आणि त्यांचे भय मुळीच हास्यास्पद नव्हते, कारण त्यांच्या पुढ्यात दूध पिणारी मुले होती. पण ‘आहे की नाही’ या प्रश्नाला भौतिकशास्त्रापाशी उपयोगी उत्तर नसते. केळ्यात आहे, आपल्या अस्थींत आहे, घराच्या भिंतींत आहे. जगातल्या सामान्य माणसाला निसर्गाकडूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात आणि केरळच्या चवऱ्यासारख्या किनाऱ्यावर, मोनाझाइटच्या वाळूमुळे, त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा विचारायचे ते ‘किती’. या एका शब्दापाशी माणसाला आणून सोडणे हेच माझ्या व्यवसायाचे सारसर्वस्व आहे असे मला त्या वर्षी स्पष्ट झाले. जो ‘किती’ विचारतो त्याला खोटे सांगून निर्धास्त करता येत नाही आणि उगाच घाबरवताही येत नाही.

१८ मे १९७४ नंतर, पोखरणची वार्ता ऐकून, माझ्या नांदेडच्या एका गुरुजींनी मला पोस्टकार्ड धाडले होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगवास भोगलेले, खादीधारी, मितभाषी. त्यांनी एवढेच विचारले होते की तुमच्या या विद्येने आपल्या भागातल्या एखाद्या माणसाचे दुःख हलके होते काय? त्या पत्राला मी तत्काळ उत्तर लिहू शकलो नाही आणि तो प्रश्न टाळल्यासारखेही मला वाटले नाही, कारण उत्तर ऐकीव असू नये अशी माझी इच्छा होती. ते पुढे परळला मिळाले. तेथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून चालते. ट्रॉम्बेच्या भट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून आयोडीन-१३१ तयार होते. ते पोटात दिले की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी ते आपणहून ओढून घेते आणि तेथील विकृत पेशींचा आतल्या आत नाश होतो.

आमच्या तालुक्यातील एक बाई, नात्याने माझ्या चुलत आत्या, अशाच विकारासाठी मुंबईला आल्या. औषध दिल्यावर त्यांना काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवले. बाहेर त्यांचा मुलगा अस्वस्थ. “दादा, आईला काय वाळीत टाकलंय का? मला जवळ बसू देत न्हाईत,” असे तो म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी त्याला जिन्यावर बसवून सांगितले की औषध आईच्या गळ्यात काम करीत आहे, त्याची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते आणि शरीरातून त्यातले पुष्कळसे त्याआधीच निघून जाते. आज दारात उभे राहून दोन शब्द बोल, परवा थोडा पुढे सरक, घरी गेल्यावर तुझ्या लहान मुलांना काही दिवस आजीच्या कुशीत निजवू नकोस, एवढाच यात परहेज. वेळ, अंतर, आडोसा : भट्टीच्या भिंतीआड जे नियम मी कामगारांसाठी राबवीत होतो, तेच एका माउलीच्या आणि तिच्या लेकराच्या मध्ये मला उभे करावे लागले, आणि त्यांचे खरे कारण त्या दिवशी मला आकड्यांच्या पलीकडे जाऊन समजले. आत्या बऱ्या होऊन मुखेडला परतल्या. गुरुजींना मी त्यानंतर सविस्तर पत्र लिहिले. त्यांच्या प्रश्नाचा अर्धा भाग माझ्यापाशी अजून तसाच आहे, हेही त्यात लिहिले.

त्याच विद्येचे दुसरे फळ आमच्या शिवारातच उगवले. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून टी-९ या जुन्या वाणाचा, किरणांच्या साह्याने मिळवलेल्या उत्परिवर्तित उडदाशी संकर केला आणि १९८५ मध्ये टीएयू-१ हा टपोऱ्या दाण्याचा वाण महाराष्ट्रासाठी बाहेर आला. भुईमुगाचा टीएजी-२४ त्यानंतर १९९१ मध्ये आला. मृगावर उडीद-मूग पेरून पोळ्याच्या सुमारास हाती चार पैसे यावेत ही आमच्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची रीत, त्यामुळे उडदाचा वाण हा तेथे घरसंसाराचा विषय असतो. सुट्टीत गावी गेलो असता भावकीतले एक वृद्ध मामा पिशवी घेऊन ओट्यावर आले. “ह्या बियाला अणूचा मार हाय म्हणतेत. लेकराबाळांनी खाल्लं तर काही होईल का? पेरावं का न्हाई, तेवढं सांग बाबा.” मी म्हणालो, “मामा, खोलीत दिवा लावला आणि विझवला, तर भिंतीत उजेड साठून राहतो का?” ते विचारात पडले. मग सांगितले की किरण बियातून निघून जातात, त्यात राहत नाहीत. जाताना बियाच्या वंशाच्या रचनेत एखादा फेरफार करतात, त्यातले बहुसंख्य फेरफार निरुपयोगी असतात, आणि हजारो रोपांतून एखादे चांगले निवडून, पिढ्यान्‌पिढ्या पेरून, मग कुठे वाण ठरतो. त्यांना किरणांपेक्षा त्या निवडीची चिकाटी अधिक पटली, कारण खळ्यावर दाणा निवडून बी राखण्यात त्यांचा जन्म गेला होता. तरी जाताना त्यांनी विचारलेच, “तू स्वतः मोजलंस का?” मुंबईला परतल्यावर मी त्यांच्याच पिशवीतला मूठभर उडीद गणकाखाली ठेवला, बाजारातल्या साध्या उडदाशी ताडून पाहिला आणि दोहोंत फरक नाही असे त्यांना पत्राने कळवले. विश्वास मागण्यापूर्वी मोजून दाखवावे, हा त्यांचा आग्रह मला अतिशय योग्य वाटतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गावे निजलेली असताना, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मुखेडलाही लोक अंगणात धावले आणि पुढे कित्येक रात्री बाहेरच निजले. जमिनीखाली कोणी स्फोट केला काय, असे तेव्हा मला विचारले गेले. कर्नाटकात गौरीबिदनूरला आमच्या केंद्राची भूकंपमापकांची मालिका १९६५ पासून आहे आणि भूकंप व भूमिगत स्फोट यांच्या लहरींतला भेद ओळखणे हेच तिचे काम, एवढे मी सांगू शकलो. माळवदाखाली आप्त गमावलेल्यांपुढे त्याहून अधिक बोलण्याचे बळ माझ्यात नव्हते.

३१ डिसेंबर २०१० रोजी ‘सायरस’ भट्टी कायमची थांबवण्यात आली. १९६० मध्ये सुरू झालेली, ४० मेगावॉटची; माझे तारुण्य तिच्या आवारात गेले. तिच्या शेजारची १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ १९८५ पासून होतीच, आणि ‘अप्सरे’चा नवा अवतार २०१८ मध्ये आला. भट्टी थांबली की काम संपले असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात साखळी-क्रिया थांबली तरी इंधनातील किरणोत्सर्ग आपल्या गतीनेच उतरत जातो आणि मोजणाऱ्यांची जबाबदारी दीर्घकाळ राहते. माझ्या निवृत्तीच्या सुमारास ते दप्तर मी तरुण सहकाऱ्यांच्या स्वाधीन केले. त्यांतल्या एका मुलीने जुन्या वह्या चाळून, अमुक साली अमुक भिंतीपाशी पातळी कशाने वाढली होती, असे विचारले, आणि उत्तर त्याच पानाच्या समासात माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या हस्ताक्षरात सापडले, याचा आनंद मला निरोपसमारंभापेक्षा अधिक झाला.

आता मी मुखेडलाच असतो आणि एका लहान गायगर-गणकाच्या साह्याने महाविद्यालयातील मुलांबरोबर आमच्या भागाची नोंद घेतो. आमचा प्रदेश या कामाला फार सोयीचा आहे, कारण दख्खनचा काळा बेसॉल्ट येथे संपत येतो आणि देगलूर-बिलोलीच्या बाजूला जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. ग्रॅनाइटात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचा अंश अधिक असल्यामुळे एकाच दिवसाच्या फेरीत काळ्या रानातला आणि खडकावरचा फरक मुलांना स्वतः पाहता येतो. पहिल्या खेपेस एकाच जागी एकाच मुदतीत प्रत्येक वेळी निराळा आकडा आला तेव्हा मुले गोंधळली आणि यातला खरा कोणता असे विचारू लागली. सगळे खरे आहेत, कारण अणूचे विघटन ठरावीक घटकेला होत नाही; म्हणून सगळे लिहा, वेळ लिहा, जागा लिहा, मग सरासरी काढा, असे मी सांगितले. एका मुलाने गावातल्या पारावरचा आकडा मळ्यातल्या आकड्याहून चढा आल्याचे दाखवले. पाराला देगलूरकडचा दगड वापरला आहे हे त्याच्या आजोबांनी सांगितल्यावर त्याने तेही वहीत लिहिले. पावसाची पहिली सर हवेतील रेडॉनपासून झालेले कण जमिनीवर आणते आणि गणकाची गती काही काळ वाढते; ती वाढ किती आणि किती वेळ टिकते, याची नोंद येत्या मृगात घ्यायची ठरली आहे, आणि त्यासाठी पाळीपाळीने रात्री जागणाऱ्या मुलांची यादी प्राध्यापकांनी कालच करून ठेवली.